मापाला आलेली मुलं

४ मार्च, मंगळवार

चि. लेकीस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. उशीर तरी कसला, दीड वर्ष उलटलं. मध्ये कितीदा तरी कागद पुढे घेऊन बसलो. एकदा पेनातली शाई संपली, एकदा गिऱ्हाईक आलं, बाकीच्या वेळी काहीच झालं नाही, नुसताच उठलो. फोन तू घेत नाहीस. घ्यावास असं मी म्हणत नाही. तुझ्या आरोग्य केंद्राचा पत्ता इथल्या केंद्रातल्या शिपायाकडून मिळवला. त्याने तो डोकं खाजवत सांगितला, म्हणून मला शंका आहे. हे पत्र दुसऱ्याच कुणाच्या हाती पडलं तर त्यांनी कृपा करून परत पाठवावं.

इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा होता तसाच. ठमी तू गेलीस तेव्हा उताणी पडून पाय झाडायची, आता दुकानभर पळते. शिलाई मशीनच्या बॉबिनी पळवते आणि विचारलं की रिकामे हात पुढे करून दाखवते. सूनबाई बरी आहे. तुझा धाकटा भाऊ, सगळ्या गल्लीचा दादा, तोही बरा आहे, समितीच्या कामात असतो.

समिती म्हणजे आपल्या डॉक्टरांची. तुझ्या साक्षीनंतर वैद्यक परिषदेने त्यांचं नाव नोंदणीतून काढून टाकलं. आता दवाखाना ओस पडेल असं तुला वाटलं असेल. उलटंच झालं. दारावरची पाटी उतरली आणि रांग वाढली. पूर्वी फक्त आपल्या गल्लीतले यायचे, आता नदीपलीकडून मोटारी येतात. लोक म्हणतात, खरं बोलतो म्हणूनच त्याला काढला. दादा तर म्हणतो, "अण्णा, उद्या त्यांना तुरुंगात टाकलं तर लोक तुरुंगाबाहेर रांग लावतील." लशीबद्दल डॉक्टर आजही तेच सांगतात, की चांगल्या पोराच्या अंगात सुईने आजार कशाला घालायचा. ऐकताना पटतं. त्यांचा आवाजच तसा आहे.

तू मला अडाणी म्हणशील. म्हण. पण तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मोठ्या इस्पितळातल्या साहेबांनी एकदाही मान वर करून तिच्याकडे बघितलं नव्हतं. हे डॉक्टर रोज येऊन तिच्या खाटेवर टेकायचे. विचारायचे, "काय म्हणतंय आज अंगातलं मशीन?" ती हसायची. त्यांचं औषध लागू पडलं नाही ते नाहीच, पण त्या घरात तेव्हा तिला दुसरं कुणी हसवू शकत नव्हतं. त्या माणसाविरुद्ध माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

डॉक्टरांच्या त्या सभेबद्दल एकच लिहितो. तू खाली उभी राहून डॉक्टरांनी लिहिलेले, न दिलेल्या लशीचे खोटे दाखले लोकांना दाखवत होतीस आणि दादाने तुझ्या हातातला माईक ओढला, तेव्हा मी वर व्यासपीठावर होतो, हे खरं. मला तिथे नेऊन बसवलं होतं. मागच्या बाजूने उतरायला पायरी नव्हती. पुढून उतरायचं तर सगळ्यांच्या देखत डॉक्टरांना ओलांडून जावं लागलं असतं. तू माझ्याकडे बघितलंस ते मला दिसलं होतं.

आता अपिलाची सुनावणी आहे. त्याआधी, तेवीस तारखेला, मोर्चा. कल्पना दादाचीच. मोर्च्यात सगळ्यांनी पांढरे कोट घालायचे. घोषणा अशी, की एकाचा कोट काढलात, आता या सगळ्यांचे काढा. कोट कोण शिवतंय हे तू विचारणार. काम येतं तसं घ्यावं लागतं.

उत्तर पाठव. चार ओळी चालतील.

तुझे अण्णा


१० मार्च, सोमवार

चि. लेकीस आशीर्वाद.

आधीचं पत्र मिळालं का? पोस्टमनला विचारलं तर म्हणतो, "आजोबा, मी पत्रं आणतो, गेलेली पत्रं मला काय माहीत?" मिळालं नसेल तर हे वाचून गोंधळशील. थोडक्यात, सगळं ठीक आहे आणि मी मोर्च्याचे कोट शिवतोय.

काल रविवारी मुलांची मापं घेतली. मोर्च्याच्या पुढे मुलं चालवायची असं समितीने ठरवलंय, आणि तीही एकही सुई न टोचलेली. अशी मुलं गल्लीत किती आहेत ते मला काल कळलं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकी नेहमीप्रमाणे बंद, कारण वारा आला की कागदाचे नमुने उडतात. मुलं कापडाच्या ताग्यांवर, मशीनखाली, इस्त्रीच्या टेबलावर. ठमी माझ्या कापायच्या टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध. टेपचं एक टोक तिने धरायचं असं मी तिला काम दिलं होतं. तिने ते तोंडात धरलं.

एवढी गंमत दुकानात बऱ्याच दिवसांनी झाली. एक पोरगी म्हणाली, "मला चार खिसे पाहिजेत."

"डॉक्टरला दोनच असतात," मी म्हटलं.

"मग मी दोन डॉक्टर होईन."

गॅरेजवाला आपली दोन्ही पोरं घेऊन आला होता. तो म्हणाला, "अण्णा, जरा ढगळ शिवा. पुढच्या वर्षीही झाला पाहिजे."

"पुढच्या वर्षीही मोर्चा काढायचाय का?"

"तसं नाही हो. घरात खेळायला."

त्याचा धाकटा मात्र गप्प होता. डोळे लाल, नाक वाहतंय, उजेडाकडे बघेना. छातीला टेप लावली तर बनियनमधून गरम लागलं. मी म्हटलं, "याचं अंग तापलंय रे." गॅरेजवाला म्हणाला, "उन्हात हुंदडतोय सकाळपासून, तापणारच." मी माप लिहून घेतलं. तेवढ्यात पोरगा शिंकला, तो थेट ठमीच्या तोंडावर. ठमीला ते इतकं आवडलं, की तिने नाक वर करून त्याची नक्कल केली. सगळं दुकान हसलं. मग दिवसभर तेच. जो आत येईल त्याच्यासमोर "आच्छी!"

शेवटी डॉक्टर आले. त्यांनाही नवा कोट हवा होता. शर्ट काढून उभे राहिले तेव्हा दंडावर देवीच्या लशीचा जुना वण दिसला. माझ्या दंडावर आहे तसाच. मी बघतोय हे त्यांनी ताडलं.

"बघता काय, अण्णा? मला कुठे कुणी विचारलं होतं? आईने धरलं, त्यांनी टोचलं."

"पण चांगले टिकलात की," मी म्हटलं.

"टोचूनसुद्धा टिकलो, असं म्हणा!"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी काजं करायला बसलो तेव्हा डोक्यात आलं, की हे वाक्य उलटं केलं, टोचलं म्हणून टिकलो, तरी तितकंच बरोबर बसतं. पण तसं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. तू म्हणाली असतीस आणि भांडण झालं असतं.

त्या पोराचे डोळे आले असतील. साथ आहे म्हणतात डोळ्यांची. तुमच्याकडे आहे का?

तुझे अण्णा


१२ मार्च, बुधवार

चि. लेकीस आशीर्वाद.

घाईत लिहितोय. डोळ्यांची साथ नव्हती. गॅरेजवाल्याच्या धाकट्याला आज सकाळी पुरळ उठलं. कानामागून सुरू झालं आणि मानेवर उतरलं. गोवर आहे. डॉक्टर जाऊन आले. म्हणाले, चांगलं झालं, आता पोरगा जन्मभरासाठी पक्का झाला. थेंब दिलेत.

सूनबाई दुकानात आली, भाजीची पिशवी तशीच हातात. मशीन चालू ठेवा म्हणाली, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही. मी रिकामंच मशीन चालवत बसलो.

"अण्णा, तो ठमीवर शिंकला होता ना?"

"पोरं शिंकतात गं."

"तुम्ही ताईंना विचारा. आता लस दिली तर चालते का? काही उपयोग असतो का? मी विचारलं तर हे घर डोक्यावर घेतील."

"मी विचारलं तर घेणार नाही?"

"तुम्ही पत्रात विचारा. तुम्ही त्यांना लिहिता, ते मला ठाऊक आहे. पोस्टमननं सांगितलं."

तर विचारतोय. आता दिली तर चालते का? अंगात आजार शिरला असेल आणि वरून सुई दिली तर दोन्ही मिळून काही वाईट तर होणार नाही ना? डॉक्टर तसंच म्हणतात. मला काही सुचत नाही. ठमी आत्ता खेळतेय, अंग गार आहे, हात लावून बघून आलो. पुन्हा बघून येतो.

तुझे अण्णा

ता. क. पोस्टाच्या पेटीवर कागद ठेवून लिहितोय. समोरच आरोग्य केंद्र आहे. आज त्यांचा लशीचा दिवस. बायका पोरं घेऊन बसल्यात. दारातल्या नर्सबाईने मला बघून हाक मारली, "आजोबा, कुणाला आणलंय का?" मी म्हटलं, नाही, पत्र टाकायचंय. आता टाकतो.


२५ मार्च, मंगळवार

चि. लेकीस आशीर्वाद.

ठमी इस्पितळात आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण मी विषयावर यायला वेळ लावतो असं तू नेहमी म्हणायचीस. जिवंत आहे. नळीतून हवा देतायत. गोवर छातीत उतरलाय.

ताप तिला गेल्या बुधवारी आला. दादाने डॉक्टरांचे थेंब सुरू केले. डॉक्टर रोज यायचे, तुझ्या आईच्या वेळी यायचे तसेच. ठमीच्या पायाला गुदगुल्या करायचे. शनिवारी ती हसेना. रविवारी सकाळी मोर्चा होता. दादा पहाटेच कोटांची गाठोडी घेऊन गेला. त्यानंतर सूनबाईने ठमीला चादरीत गुंडाळलं आणि मला म्हणाली, "तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?" मी चप्पल शोधत होतो. ती म्हणाली, "अण्णा, चप्पल पायातच आहे."

रिक्षा मोर्च्यात अडकली. सगळा रस्ता पांढरा. माझेच कोट. पुढे मुलं, गॅरेजवाल्याचा थोरला फलक धरून. धाकटाही होता, खडखडीत बरा होऊन आलेला, बापाच्या खांद्यावर. त्याला वर उचलून दाखवत होते. बघा, गोवर येऊन गेला, काय झालं याला? लोक टाळ्या वाजवत होते. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि कुणी तरी टपावर थाप मारून म्हणालं, "अरे थांब, डॉक्टर चाललेत!" सूनबाईने मान बाहेर काढून काय शिवी दिली ते मी लिहीत नाही. पण रस्ता मिळाला.

दादाला निरोप मिळाला तसा तो मोर्चा सोडून धावत आला. कोट अंगावरच. मुलांच्या वॉर्डाच्या दारात पहारेकरी आत जाऊ देत नाही, एका पोराबरोबर एकच माणूस. दादाला त्याने सलाम करून आत सोडलं. सूनबाई औषधं आणायला खाली गेली होती म्हणून मी आतल्या बाकावर होतो, हे सगळं मला दिसत होतं. तो खाटांमधून ठमीला शोधत निघाला. मधल्या खाटेवर एक अगदी लहान बाळ आहे, पुरळाने काळवंडलेलं. त्याची आई उठली आणि तिने दादाची बाही धरली.

"डॉक्टर, अहो, बघा ना याला. सकाळपासून डोळे उघडत नाही."

"मी डॉक्टर नाही."

"असं करू नका हो. एकदा बघा फक्त."

"बाई, मी डॉक्टर नाही. खरंच नाही."

"मग हा कोट कशाला घातलाय?"

तिने बाही सोडली नाही. शेवटी त्याने कोटातून एक हात काढला, मग दुसरा, आणि कोट तिच्या हातात राहिला. तो बनियनवर ठमीच्या खाटेशी आला. तिला नळी लावलेली त्याने तेव्हा पहिल्यांदा बघितली.

वॉर्डातली डॉक्टरीण तरुण आहे, तुझ्याहून लहान असेल. फार बोलत नाही. पण मान वर करून बोलते. मी तिला विचारलं, आजारी पोराशी गाठ पडल्यावर लगेच लस दिली असती तर? ती म्हणाली, "तीन दिवसांच्या आत आणलं असतं तर कदाचित टळलं असतं. कदाचित सौम्य गेलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, आता त्याचा विचार नका करू."

रविवारी ते पोर शिंकलं आणि बुधवारी मी पेटीपाशी उभा होतो. तू हिशेब करशील. मी केलाय.

इथल्या एक सिस्टर तुझ्याबरोबर शिकलेल्या आहेत. आडनाव ऐकून त्यांनी विचारलं. त्यांच्याकडून कळलं, की तू महिनाभर खेडोपाडी लशीच्या फेरीवर होतीस आणि माझी पत्रं तुला परवा एकदम हातात पडली. म्हणजे पत्ता बरोबर होता. तुला चष्मा लागला, असंही म्हणाल्या. दूरचा की जवळचा? त्यांना माहीत नव्हतं.

वाचून रागावली असशील. रागावून लिही, पण लिही.

तुझे अण्णा


७ एप्रिल, सोमवार

चि. लेकीस आशीर्वाद.

ठमी घरी आली. छाती मोकळी झाली. पाय काड्यांसारखे झालेत, पण भिंत धरून चालते.

गल्लीचं सांगतो. गल्ली डॉक्टरांचीच आहे. मोर्च्याचे फोटो पेपरात आले, त्यामुळे लोक खुशीत आहेत. ठमीबद्दल बोलणं असं चाललंय, की पोरगी घरी बरी होत होती, इस्पितळात नेऊन सुया भोसकल्या म्हणून इतकी खंगली. दुकानात बसून माझ्याच तोंडावर असं बोलतात. परवा गॅरेजवाल्याला मी म्हटलं, "अरे, तिला माझ्याच टेबलावर लागलं. तुझ्या धाकट्याकडून. मी माप घेत होतो."

तो उठून उभा राहिला. "म्हणजे माझ्या पोराने तिला आजारी पाडलं?"

"तुझ्या पोराला काय कळतंय? पोरं मी गोळा केली."

"अण्णा, तुम्ही आता मुलीसारखं बोलायला लागलात."

तेव्हापासून कापड घेऊन कुणी फिरकलेलं नाही. शेजारीणही स्वतः न येता परटीणबाईकडून निरोप पाठवते. होईल ठीक. नाही झालं तर नाही.

डॉक्टर परवा येऊन गेले. मला वाटलं होतं मी काही तरी बोलेन. ते आले, ठमीच्या खाटेवर टेकले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. खरेच भरून आले, लेकी. नाटक असतं तर मला सोपं गेलं असतं. जाताना दादाला म्हणाले, "खचू नकोस. पुढच्या रविवारी निवांत येतो, पुढचं ठरवू." दादा "हो" म्हणाला. मी चहा ठेवायला उठलो होतो, तो ठेवलाच नाही, एवढंच माझ्याकडून झालं.

आता मुख्य ते लिहितो. काल सकाळी सूनबाईच्या हातून स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण पडलं. केवढा तरी आवाज झाला. मी दचकलो. दादा बाहेरून आत आला. ठमी पाठ करून बॉबिनी मांडत बसली होती, ती वळली नाही. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग दादाने झाकण उचललं आणि पुन्हा सोडलं. पुन्हा उचललं, आणखी वरून सोडलं. खालचे भाडेकरू ओरडले. तो सोडतच राहिला. सूनबाई रडत होती, म्हणत होती, "बस करा." झाकण गोल फिरत फिरत ठमीच्या पायापाशी गेलं, तेव्हा तिने ते बघितलं आणि वळून हसली. आपला बाप खेळतोय असं वाटलं तिला.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंकडे लगेच नेलं. म्हणाल्या, गोवरानंतर कानात बिघाड होतो, पू साठला असेल तर औषधाने उतरेल, नसेल तर मोठी तपासणी लागेल. थेंब दिलेत, हे खरे थेंब. पंधरा दिवसांनी बोलावलंय. आणि म्हणाल्या, अशक्तपणा गेला की हिच्या राहिलेल्या सगळ्या लशी सुरू करा, गोवर हा एकच आजार नव्हे.

दादाने ठमीला कडेवर घेतलं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताईला विचारा."

"काय विचारू?"

"कानाचं. आणि बाकीचं. ती काय म्हणते ते बघू."

दीड वर्षात त्याने पहिल्यांदा "ताई" म्हटलं. इतके दिवस "ती बाई" म्हणायचा.

म्हणून हे पत्र. मुलगी म्हणून उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. नर्स म्हणून दे. कान येतो का? किती जणांचा येतो? तू अशी पोरं बघितली असशील. नसेल येत तर तसं लिही, पण खरं लिही. लशी कुठल्या, कधी द्यायच्या, कुठलीने ताप येतो, ताप आला तर काय करायचं, हे सगळं दादाला कळेल असं लिही. त्याला टाकून बोलू नकोस. बोलायचंच असेल तर माझ्यासाठी वेगळा कागद घाल, मी एकटा वाचीन.

तो आज ऐकेल, उद्याचं मी सांगू शकत नाही. आजच सकाळी समितीतले दोघे येऊन त्याच्याशी जिन्यात बोलत उभे होते. बोलणं ऐकू आलं नाही, पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला मी बघितला. येत्या रविवारी डॉक्टर येऊन खाटेवर टेकतील, त्यांचा आवाज सुरू होईल, आणि त्यांच्यासमोर बोलणं मला कधी जमलेलं नाही. तुझं काही तरी हातात असलं तर मी ते मोठ्याने वाचीन. अक्षर जरा मोठं काढ, अडखळलो तर ते मध्येच बोलतील.

पत्र वेळेत पोचणार नसेल तर खालच्या भाडेकरूंकडे फोन कर, नंबर मागे लिहिलाय. मी दिवसभर जिन्यातच बसलेला असतो. रविवारच्या आत कळव, बाळ.

तुझे अण्णा